मथळ्यात न मावलेलं

१७ फेब्रुवारी २०२४ला, शनिवारी, लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा सरासरी भाव क्विंटलला १,२८० रुपये होता. सोमवारी, १९ तारखेला तो १,८०० रुपये झाला. दोन दिवसांत चाळीस टक्क्यांची उडी. एवढ्या वेळात शेतातला कांदा बदलला नव्हता आणि खाणारी तोंडंही तेवढीच होती. मधे रविवार होता, आणि रविवारी एक बातमी फिरली होती: केंद्र सरकारनं कांद्यावरची निर्यातबंदी उठवली.

बंदी उठलेली नव्हती. मंगळवारी, २० तारखेला केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिव रोहितकुमार सिंह यांनी जाहीर केलं की, ८ डिसेंबर २०२३ला लागू झालेली बंदी तशीच आहे, ३१ मार्चची मुदतही तशीच आहे. सरकारमध्ये हालचाल होती ती काही देशांना मोजका कांदा सरकारी मार्गानं देण्याची. मार्चच्या सुरुवातीला बांगलादेशासाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन कांद्याला तशी परवानगी मिळालीही. पण 'काही देशांना, ठरावीक टन, सरकारी संस्थेमार्फत' हा सगळा ऐवज मथळ्यात मावत नाही. मावतं ते 'निर्यातबंदी उठली'.

या अंकासाठी संपादकांनी 'आठवण' हा विषय दिला, तेव्हा मला हेच दोन दिवस आठवले. रोज सकाळी आपण बातम्या वाचतो, ऐकतो, फोनवर सरकवतो. संध्याकाळी त्यातलं काय उरतं? वर्षभरानं काय उरतं? जे उरतं ते बातमीतलं असतं की तिच्यावरच्या ठळक ओळीतलं? त्यासाठी पावसाळ्यात लासलगावला गेले, नाशिकच्या एका दैनिकाच्या डेस्कवर रात्री बसले, एका शाळेच्या परिपाठाला उभी राहिले. मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर सत्तर वर्षांत केलेलं कामही वाचलं.

बाजारात काय पोचलं

लासलगावला लिलाव चालू असताना मधे उभं राहायला जागा नसते. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेनं लागलेले. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत जातो. कुणी कोपरापर्यंत हात घालून खालचा माल वर काढतो, कुणी कांदा दाबून बघतो, कुणी नुसता वास घेतो. बोली सुरू होते आणि पन्नास-पन्नास, वीस-वीस, दहा-दहा करत काही क्षणांत थांबते. शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते. चार-सहा महिन्यांच्या कष्टाचा निकाल लागायला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो.

या बाजारात बातमीला पैशांत किंमत आहे. खरिपातला लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. पण चार-आठ दिवसांची ओढाताण शेतकऱ्याच्या हातात असते. आज काढायचा की पुढच्या आठवड्यात, आज गाडी भरायची की उद्या, एवढंच तो ठरवू शकतो. आणि ते तो भावाबद्दल जे कानावर येईल त्यावरून ठरवतो.

चांदवड तालुक्यातले एक शेतकरी त्या रविवारबद्दल सांगत होते. "ताई, गाडी भरून उभी होती. ग्रुपवर फोटो आला. पेपरचा फोटो, मोठ्या अक्षरात. पोराला म्हटलं, ऱ्हाऊ दे, उद्या जाऊ नको. बुधवारी जाऊ, अजून वर जाईल." बुधवारपर्यंत खुलासा आलेला होता. मनात धरलेला भाव मिळाला नाही.

फोटोत मथळ्याखालची बातमी होती का, असं विचारलं. नव्हती. कुणीतरी मथळ्यापुरताच फोटो काढून पाठवला होता. मोबाइलवरची सगळी कात्रणं अशीच असतात. वरची ओळ, फार तर बाजूचा फोटो, आणि खालचा मजकूर अर्धवट कापलेला. पूर्वी पेपर आख्खा हातात यायचा, न वाचलेली बातमी निदान समोर तरी असायची. आता ती सोबत येतच नाही.

पण खरं आश्चर्य पुढे होतं. बाजार समितीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर मी हा विषय काढला, तेव्हा तिथल्या दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितलं, "उठवली होती ना तेव्हा! दोन दिवसांत परत लावली." सचिवांचा खुलासा त्यांच्या कानावर गेलेला होता. तो त्यांनी नाकारला नव्हता. त्यांनी तो आधीच्या मथळ्याशी जुळवून घेतला होता. सरकारनं एक निर्णय घेतला आणि मग फिरवला, अशी गोष्ट त्यांच्या मनात तयार झाली होती. जे घडलंच नाही त्याची नीट, कारणांसकट आठवण त्यांच्याकडे आहे. सरकारवरचा त्यांचा राग खरा आहे आणि त्याला इतरही पुष्कळ कारणं आहेत. पण या एका प्रसंगाची आठवण मथळ्यानं घडवलेली आहे.

'हेडिंग बसत नाही'

वाचकांना सहसा माहीत नसतं की बातमी लिहिणारा आणि मथळा देणारा हे दोन वेगळे लोक असतात. तालुक्याचा वार्ताहर बातमी पाठवतो. तिच्यावर कोणता मथळा पडला हे त्याला सकाळी पेपर उघडल्यावर कळतं. गावात शिव्या त्याला बसतात. मथळा दिलेला असतो रात्री डेस्कवर बसलेल्या उपसंपादकानं, ज्यानं ते गाव बहुधा पाहिलेलंही नसतं.

नाशिकच्या ज्या डेस्कवर मी बसले तिथली उपसंपादक बारा-तेरा वर्षं हे काम करते आहे. डाक आवृत्तीची पानं सोडायची वेळ जवळ आली होती. तिच्या पुढ्यात एकाच वेळी तीन पानं, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बातम्या, वृत्तसंस्थेच्या इंग्रजी कॉप्या आणि जाहिरात विभागाकडून ऐन वेळी वाढलेली एक जाहिरात. जाहिरात वाढली की बातमी आखडते आणि बातमी आखडली की मथळ्याचे कॉलम कमी होतात. चार कॉलमांत ऐसपैस बसलेलं वाक्य दोन कॉलमांत कोंबावं लागतं.

"हेडिंग बसत नाही," हे वाक्य त्या रात्री मी किती वेळा ऐकलं याला गणती नाही. न बसणाऱ्या मथळ्याचं काय होतं ते तिनं मला पडद्यावर करून दाखवलं. फेब्रुवारीतल्या त्या बातमीसारखी बातमी आज आली तर काय करशील, असं मी विचारलं होतं. तिनं आधी लिहिलं: 'काही देशांना मर्यादित कांदा निर्यातीस परवानगीची शक्यता'. दोन ओळींत बसेना. 'काही देशांना' गेलं. तरी 'शक्यता' तिसऱ्या ओळीत लोंबकळत राहिली, ती गेली. आता उरलं 'मर्यादित कांदा निर्यातीस परवानगी'. टाइप एक घर मोठा करायचा म्हटलं तर 'मर्यादित'ही जाणार. उरलं: 'कांदा निर्यातीस परवानगी'. प्रत्येक पायरीवर तिनं एक-दोन शब्दच काढले होते. खोटं असं कुठल्याच पायरीवर काही घातलं नव्हतं.

ती थांबली आणि म्हणाली, "बघा ना, जे शब्द जातात ते नेहमी हेच असतात."

मला ते तिथेच पटलं. काही, बहुतेक, शक्यता, आरोप, प्रस्ताव, मर्यादित, तूर्त: बातमीला खरेपणा देणारे हे सगळे शब्द मथळ्याच्या मापानं बघितलं तर जागा अडवणारे असतात. कांदा जात नाही, परवानगी जात नाही. जाते ती अट. डेस्कवरची चांगली माणसं ही अट टिकवण्यासाठी रोज रात्री झगडतात. ती खालच्या उपमथळ्यात घालतात, निदान प्रश्नचिन्ह तरी देतात. प्रश्नचिन्ह ही मला पळवाट वाटते. 'निर्यातबंदी उठणार?' असं विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं, पण वाचकाच्या मनात उठणारच असं बसून जातं.

आधी नाव, मग मजकूर

मथळा म्हणजे बातमीचा सारांश, अशी आपली समजूत असते. संशोधन वेगळं सांगतं.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली एक परिच्छेद ऐकवून लोकांची परीक्षा घेतली. परिच्छेदातली वाक्यं अगदी सोपी होती: आधी वस्तूंचे वेगवेगळे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका, काम संपल्यावर पुन्हा ढीग करून जागच्या जागी ठेवा, असं काहीतरी. ऐकणाऱ्यांना काही म्हणजे काही कळेना. ज्यांना आधीच सांगितलं होतं की हा परिच्छेद कपडे धुण्याबद्दल आहे, त्यांना सगळं लख्ख कळलं. मजकुरातले १८ मुद्दे धरले, तर शीर्षक आधी मिळालेल्यांना सरासरी सहाच्या आसपास आठवले, न मिळालेल्यांना तीनही नाहीत. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, ज्यांना शीर्षक ऐकून झाल्यावर सांगितलं, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांचीही आठवण तीनच्या आतच राहिली.

म्हणजे शीर्षक हे मजकूर वाचण्याआधी मनात तयार झालेली चौकट असतं. पुढचं प्रत्येक वाक्य त्या चौकटीत बसवून समजतं आणि तसंच लक्षात राहतं. चौकट बरोबर असेल तर मथळा हा वाचकावर उपकार आहे. चुकली, तर खालचा बरोबर मजकूरही चुकीच्या खणात जाऊन पडतो.

त्याच्या बरंच आधी, १९५३ साली, पर्सी टॅननबॉम यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात विद्यार्थ्यांना एका खून खटल्याची बातमी वाचायला दिली होती. मजकूर सगळ्यांना एकच, मथळे तीन. एक आरोपी दोषी असावा असं सुचवणारा, एक निर्दोष असावा असं सुचवणारा, एक कुठेच न झुकणारा. वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांनी आरोपीबद्दल जे मत दिलं ते मथळ्याच्या बाजूला कललेलं निघालं. ज्यांनी बातमी नीट, पूर्ण वाचली होती त्यांच्यावर मथळ्याचा असर कमी होता.

या शेवटच्या निष्कर्षात दिलासा आहे, आणि जबाबदारी वाचकावर ढकलून मोकळं होण्याचा मोहही आहे. 'पूर्ण वाचत जा' असं सांगणं सोपं आहे. पण ज्याच्या हातात कापलेलं कात्रण आलं, त्यानं पूर्ण वाचायचं तरी काय?

कमाल भावाचा मथळा

खोटा मथळा पकडता येतो. बाजारात मला जास्त त्रास देणारा प्रकार दिसला तो खऱ्या मथळ्याचा.

बाजार समिती रोज तीन भाव जाहीर करते: किमान, कमाल आणि सरासरी. कमाल भाव मिळतो तो निवडक, एकसारख्या, चकाकणाऱ्या मालाच्या थोड्याशा गाड्यांना. बाकीचे सगळे सरासरीच्या आगेमागे असतात. आणि डागी, दुभाळका कांदा तळाला. मथळ्यात जातो तो कमाल भाव. 'कांद्यानं अमुक हजारांचा टप्पा ओलांडला' असं छापून येतं. ते खरंच असतं, त्या दिवशी कुणाच्या तरी कांद्यानं तो ओलांडलेलाच असतो. बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत सरासरी भावही दिलेला असतो.

पण मथळा घेऊन गाडी भरलेला माणूस सरासरीचा भाव मिळाला की फसल्यासारखा होतो. व्यापाऱ्यानं लुटलं असं त्याला वाटतं. तिकडे मुंबई-पुण्यात तोच मथळा वाचून गिऱ्हाईकाला वाटतं की शेतकरी मालामाल झाला. एका टपरीवर बसलेले म्हातारे नाना चिडून म्हणाले, "आमचा भाव वाढला की तुमच्या शहरात कांदा रडवतो. पडला की आम्ही रडतो, ते आतल्या पानावर." मी काही बोलू शकले नाही, कारण जिल्हा आवृत्तीत 'कांदा वधारला' आणि मुंबईत 'कांदा रडवणार' हे मी स्वतः पाहिलेलं आहे. भाव तोच, दिवस तोच. बातमी कुणाच्या खिशाकडून बघायची हे मथळ्यानं ठरवून टाकलं.

या 'खऱ्या पण झुकलेल्या' मथळ्यांचाच अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये उलरिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातली एक बातमी घरफोड्यांची होती. गेल्या वर्षात घरफोड्या ०.२ टक्क्यांनी वाढल्या, पण दहा वर्षांत १० टक्क्यांनी घटल्या, अशी दोन्ही माहिती तिच्यात होती. काहींना घरफोड्या वाढल्याचा मथळा दिला, काहींना त्या घटत असल्याचा. दोन्ही मथळे मजकुरातल्याच आकड्यांवर उभे होते, पण बातमीचा खरा कल सांगणारा त्यातला दुसरा होता. एकूण प्रयोगांमधून दिसलं ते असं की, दिशाभूल करणाऱ्या मथळ्यानं लोकांची आठवण बिघडते, वाचलेल्यावरून ते काढतात ते निष्कर्ष बिघडतात, आणि बातमीसोबत छापलेल्या फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्याबद्दलचं मतसुद्धा बदलतं. संशोधकांच्या मते याचं कारण केवळ लक्ष न देणं हे नाही. पहिल्या ओळीनं बनलेला समज नंतरच्या मजकुरानं दुरुस्त करत जाणं हेच मनाला जड जातं.

'रडवणार'सारखे शब्द मथळ्यात का येतात याचंही उत्तर आकड्यांत मिळतं. अपवर्दी नावाच्या अमेरिकी संकेतस्थळानं एकेका बातमीला अनेक मथळे लावून कोणता जास्त उघडला जातो याच्या हजारो चाचण्या केल्या होत्या. ती माहिती पुढे संशोधकांना खुली झाली. २०२३ साली आलेल्या विश्लेषणात दिसलं की, साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की तो उघडला जाण्याचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं. एका मथळ्यापुरतं हे किरकोळ आहे. रोज शेकडो मथळे या हिशेबानं निवडले गेले की वाचकाला दिसणाऱ्या जगाचा रंगच बदलतो.

लेख विसरला, शीर्षक राहिलं

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातला सगळ्यांत प्रसिद्ध मथळा कोणता, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येईल: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' शाळेतल्या पोरापासून व्याख्यात्यापर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे. आता पुढचा प्रश्न विचारा. त्या लेखात टिळकांनी काय लिहिलं होतं? आणि त्यासाठी काय शिक्षा झाली?

मी विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं की प्लेगच्या काळातल्या रँडच्या जुलमाविरुद्ध तो लेख होता आणि त्यासाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला.

तो अग्रलेख केसरीच्या ६ जुलै १८९७च्या अंकातला. रँडवर २२ जूनच्या रात्री गोळी झाडली गेली होती आणि ३ जुलैला तो मरण पावला होता. लेख होता तो खुनानंतर सरकारनं पुणेकरांवर जो संशय आणि दडपशाही सुरू केली तिच्याबद्दल. आणि १८९७च्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली ती या अग्रलेखासाठी नव्हे. खटल्याला आधार धरलेला मजकूर १५ जूनच्या अंकातला होता: 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचं वृत्त. खुनाच्या आठवडाभर आधी छापलेला.

एवढ्या मोठ्या माणसाच्या आयुष्यातला एवढा मोठा प्रसंग, अभ्यासक्रमात असलेला, आणि लोकांच्या आठवणीत त्याची जागा एका मथळ्यानं घेतली आहे. मथळा इतका सणसणीत आहे की शिक्षा यालाच झाली असणार, असं मन स्वतःच ठरवून टाकतं. 'उत्सवाचे वृत्त' असं कोरडं नाव असलेला मजकूर कुणाच्या लक्षात राहणार? टिळकांच्या मथळ्याचं हे सामर्थ्य मला वंदनीय वाटतं. त्याच सामर्थ्यानं इतिहासाचा एक धागा झाकला गेला, हेही तितकंच खरं आहे.

परिपाठाचा फळा

जिल्हा परिषदेच्या शाळांत परिपाठाला प्रार्थना, सुविचार, दिनविशेष यांच्याबरोबर 'आजच्या ठळक बातम्या' असतात. ज्याची पाळी असेल तो मुलगा किंवा मुलगी पेपरातले चार-पाच मथळे वहीत उतरवून आणते आणि सगळ्यांसमोर वाचते. आकाशवाणीच्या बातमीपत्रात सुरुवातीला ठळक बातम्या आणि शेवटी पुन्हा एकदा ठळक बातम्या, ही जी लय आहे तीच इथे मुलांच्या तोंडी उतरलेली असते. वाचनाची, धीटपणाची ही चांगली सवय आहे.

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत मी गेले त्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीनं मोठ्या आवाजात वाचलं: 'गोदाकाठाला पुराचा धोका'. परिपाठानंतर वर्गात मी विचारलं, बातमी काय होती? अर्ध्या वर्गानं उत्तर दिलं: गोदावरीला पूर आला. कुणी सांगितलं घरं वाहून गेली, कुणी सांगितलं पूल बुडाला. ज्या मुलीनं वाचलं होतं तिनंही 'पूर आला' असंच सांगितलं. बातमीत होतं ते एवढंच की गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला आहे आणि काठावरच्या लोकांनी सावध राहावं.

मुलं खोटं बोलत नव्हती. मथळ्यातला 'धोका' त्यांच्या मनात तासाभरातच गळून पडला होता, अगदी डेस्कवर 'शक्यता' गळते तसा. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी आधी पाहिलेल्या, ऐकलेल्या पुरांतली घरं आणि पूल आणून ठेवले होते.

तिथल्या गुरुजींनी यावर एक साधा उपाय सुरू केला आहे. आठवड्यातून एकदा ते मथळा झाकून बातमी वाचायला देतात आणि मुलांना मथळा करायला सांगतात. त्या दिवशी हीच बातमी दिली. एका मुलानं लिहिलं: 'गंगापूर धरणातून पाणी सोडले, नदीवर जाऊ नका'. मी तो मथळा वहीत उतरवून घेतला. काय घडलं आहे आणि वाचणाऱ्यानं काय करायचं आहे, दोन्ही त्यात आहे. आणि जे घडलेलं नाही ते त्यात नाही.

शेपूट तुटलेलं वाक्य

मोबाइलनं यात आणखी एक अडचण आणली आहे, आणि ती आपल्या भाषेच्या बांधणीशी जोडलेली आहे. मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. उठवलेली नाही, दिलेला नाही, केलेले नाही. वाक्य संपेपर्यंत होकार की नकार हे ठरत नाही. फोनच्या पडद्यावर बातमीची सूचना येते तेव्हा ओळ लांब झाली की शेपूट तुटतं आणि तीन ठिपके येतात. 'कांद्यावरील निर्यातबंदी केंद्र सरकारने उठवलेली…' इथे ओळ संपली तर वाचणारा काय समजणार? खुलाशाची सूचना अफवेचीच पुष्टी करून जाते. मराठी बातम्यांची ॲप चालवणाऱ्या प्रत्येकानं हे पाहिलंच पाहिजे: 'निर्यातबंदी कायम' असा, नकाराला शेपटाकडून डोक्याकडे आणणारा मथळा सूचनेसाठी वेगळा लिहायला हवा. नाशिकच्या डेस्कवर हे करतात. सगळीकडे होत नाही.

सूचनेवर बोट ठेवून खालची बातमी उघडणारे किती असतात? पेन स्टेट विद्यापीठातल्या एस. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी २०१७ ते २०२० या काळातल्या, बातम्यांचे दुवे असलेल्या साडेतीन कोटींहून अधिक फेसबुक पोस्ट तपासल्या. सुमारे ७५ टक्के वेळा दुवा न उघडताच पुढे पाठवला गेला होता. पुढे पाठवणारा स्वतःला वाचक समजतो, आणि पुढचा माणूस त्याला जबाबदार समजतो. दोघांपैकी कुणीच बातमी पाहिलेली नसते.

आता मथळे आणि सारांश करायला यंत्रं आली आहेत. डिसेंबर २०२४मध्ये अ‍ॅपलच्या फोनवर बीबीसीच्या बातम्यांच्या सूचना एकत्र करून जो आपोआप सारांश दिसत होता, त्यात अमेरिकेतल्या एका खून प्रकरणातला आरोपी लुइजी मँजिओनी यानं स्वतःवर गोळी झाडल्याचं आलं. असं काही घडलेलं नव्हतं आणि बीबीसीनं तसं म्हटलेलंही नव्हतं. पण सूचनेवर नाव बीबीसीचं होतं. बीबीसीनं तक्रार केली आणि जानेवारी २०२५मध्ये अ‍ॅपलनं बातम्यांचे सारांश थांबवले. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसीनं १८ देशांतल्या २२ सार्वजनिक माध्यमसंस्थांसोबत केलेली पाहणी आली. बातम्यांबद्दल विचारल्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांनी दिलेल्या उत्तरांपैकी ४५ टक्क्यांत किमान एक गंभीर दोष होता.

नाशिकची उपसंपादक शब्द काढते तेव्हा आपण काय काढतो आहोत हे तिला कळतं आणि टोचतं. ती टोचणी हा मथळ्याच्या प्रक्रियेतला एक भाग आहे. ती काढून टाकली तर काम झपाट्यानं होईल, हे खरं आहे. मला ते नको आहे.

खुलासा कुठे छापायचा

चूक झाली तर पेपर खुलासा छापतात. पहिल्या पानावर सहा कॉलमांत झालेली चूक आतल्या पानावर, एका कॉलमात, छोट्या टाइपात दुरुस्त होते. आणि मथळा असतो 'खुलासा', ज्यावरून कशाचा खुलासा हेही कळत नाही.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट यांनी १९९४ साली एका गोदामाला लागलेल्या आगीच्या काल्पनिक वार्ता लोकांना एकापाठोपाठ एक वाचायला दिल्या. आधी म्हटलं की आगीजवळच्या कपाटात तैलरंग आणि गॅसच्या टाक्या होत्या. नंतरच्या वार्तेत दुरुस्ती: कपाट रिकामं होतं. दुरुस्ती वाचल्याचं लोकांना आठवत होतं. तरी एवढा धूर का झाला असं विचारल्यावर ते रंगाकडेच बोट दाखवत राहिले. फरक पडला तो दुरुस्तीसोबत आगीचं दुसरं कारण सांगितल्यावर. नुसतं 'ते तसं नाही' म्हटल्यानं मनातली गोष्ट हलत नाही. तिच्या जागी खरी गोष्ट ठेवावी लागते.

लासलगावच्या टपरीवर नेमकं हेच झालं होतं. 'बंदी उठवलेली नाही' एवढं पोचलं. मग ती बातमी आली कुठून आणि सरकार खरं काय करणार होतं, ते पोचलं नाही. ती पोकळी लोकांनी 'उठवून परत लावली' या गोष्टीनं भरली. म्हणून माझं म्हणणं आहे की खुलासा चुकीच्या मथळ्याच्याच पानावर, तेवढ्याच टाइपात आला पाहिजे, आणि त्याच्या मथळ्यात खरी गोष्ट असली पाहिजे. 'कांदा निर्यातबंदी कायम. मोजक्या देशांना सरकारी मार्गानेच निर्यात' असा.

बंदी पुढे २२ मार्चला बेमुदत वाढवली गेली आणि अखेर ४ मे २०२४ला उठली. तेव्हा मथळा खरा होता: 'कांदा निर्यातबंदी उठली'. तरी आत दोन अटी होत्या. टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य, आणि त्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. म्हणजे परदेशी गिऱ्हाईकाला टन पडणार ७७० डॉलरला, वाहतूक वेगळी. बंदी उठल्याचा आनंद झालेल्या कितीतरी शेतकऱ्यांना या अटी व्यापाऱ्यानं बोली लावताना ऐकवल्या.

चांदवडच्या त्या शेतकऱ्यांचा मुलगा आता ग्रुपवर कात्रण आलं की विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना कुठे आहे, असं विचारतो. तिचा क्रमांक आणि तारीख मिळेपर्यंत वडिलांना गाडीबद्दल काही सांगत नाही. ४ मेची अधिसूचना त्यानं मला फोनमध्ये दाखवली. इंग्रजीत आहे, सरकारी भाषेत आहे, त्यानं ती शब्द लावत लावत वाचली होती.

हे काम त्याच्यावर का पडावं, असं मी नाशिकच्या डेस्कवर परत गेले तेव्हा विचारलं. उपसंपादिकेनं उत्तर दिलं नाही. ४ मेच्या बातमीसाठी तीन कॉलमांची चौकट उघडली, लिहिलं, एकदा पुसलं, पुन्हा लिहिलं. 'कांदा निर्यातबंदी उठली. किमान ५५० डॉलर, वर ४०% शुल्क'. दोन ओळींत बसलं.